डोंगरात घर बांधायचंय? आधी पाण्याला विचारा!

चांदणी चौक सोडून पौडच्या रस्त्याला लागलं, की होर्डिंग्ज सुरू होतात. भूगाव, पिरंगुट, पौड... शहर जसजसं मागे पडतं, तसतशी होर्डिंगवरची झाडं वाढत जातात. सगळीकडे चित्र साधारण एकच. काचेचं घर, त्याच्यापुढे निळाशार स्विमिंग पूल, पुलाच्या कठड्यावर पाठमोरी बसलेली मुलगी आणि मागे धुकं. खाली एक ओळ असते. निसर्गाच्या कुशीत, डोंगराशी एकरूप, वगैरे वगैरे.

तिशीच्या आसपासचे, दोघंही कमावणारे, फ्लॅटचे निम्मे हप्ते फेडून झालेले तुमच्या-आमच्यासारखे लोक या ओळीपाशी हमखास विरघळतात. वीकेंड होम! शुक्रवारी लॅपटॉप बंद केला, गाडी काढली, की दीड तासात डोंगर. स्वप्न काही वाईट नाही. पण ‘डोंगराशी एकरूप’ म्हणजे नेमकं काय? घराला हिरवा रंग दिला, की ते एकरूप होतं? छपरावर लॉन लावलं की? दगडी टाइल चिकटवली की?

हे समजून घ्यायला मी यंदा मुळशीत बऱ्याच चकरा मारल्या. निमित्त एका मित्राचं. त्याने आणि त्याच्या बायकोने धरणाच्या अलीकडे, एका वाडीच्या वरच्या अंगाला पंधरा गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतलाय. दोघं आयटीतले. सोबत त्यांची आर्किटेक्ट. बाई बोलायला फटकळ, पण कामात पक्की. पहिल्याच भेटीत तिने दोघांना सांगितलं, “प्लॅन नंतर. आधी एक पावसाळा इथे येऊन उभे राहा.” मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला दिवाळीला गृहप्रवेश हवा होता.

आता जरा या जागेविषयी. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला, ताम्हिणीच्या अंगाला गेलात, की हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. घाटमाथ्यावरचा पाऊस काय करू शकतो, हे जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरने दाखवलं. चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर! म्हणजे पुण्याचा जवळजवळ अख्खा पावसाळा एका दिवसात. जून ते सप्टेंबर हे सगळं पाणी डोंगरावरून खाली येत असतं. काही वरून, काही आतून. आणि ते कुठून येतं, हे एप्रिलमध्ये प्लॉट बघायला गेलेल्या माणसाला कधीच दिसत नाही. एप्रिलमध्ये सगळीकडे वाळलेलं गवत, मुरूम आणि ‘वॉव, काय व्ह्यू आहे!’

आतून येणारं पाणी जास्त महत्त्वाचं. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, केकसारखे रचलेले. काही थर टणक काळ्या पाषाणाचे, काही सच्छिद्र आणि ठिसूळ, मध्येच कुठेतरी लालसर मातीचा पातळ पट्टा. पाऊस वरच्या मुरमात मुरतो, भेगांमधून खाली उतरतो आणि पाणी न झिरपणारा थर लागला, की आडवा सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतो. त्यालाच आपण झरा म्हणतो. वाडीतल्या बायका मार्च-एप्रिलमध्ये हंडा घेऊन जातात ते बहुतेक वेळा अशाच पाण्यावर.

मित्राच्या प्लॉटच्या खालच्या अंगाला असाच एक झरा आहे. त्याच्या खाली चार-पाच भातखाचरं. जुलैमध्ये आम्ही गुडघाभर गवतातून प्लॉटवर उभे होतो, तेव्हा डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेल्या एक आजी खाचरातून वर आल्या. थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिल्या. मग आर्किटेक्टला म्हणाल्या, “ताई, घर बांधा, आमचं काय न्हाई. पन हितनं पानी येतंय पावसाचं. त्याची वाट तेवढी आडवू नगा.” त्यांनी काठीने दाखवलं ती जागा प्लॉटच्या बरोब्बर मधोमध होती. आणि खरंच, गवताखालून बोटभर पाणी खळखळत चाललं होतं. एप्रिलमध्ये काढलेल्या फोटोंत तिथे काहीसुद्धा नाही. सातबारावर तर नाहीच नाही.

त्याच आठवड्यात एका जेसीबीवाल्याने मित्राला ऑफर दिलेली. “साहेब, दोन दिवसांत सपाट करून देतो. मागे कटिंग, पुढे भराव. वर तुम्हाला लॉन, पार्किंग, सगळं बसतंय.” मुळशीत आज बहुतेक घरं अशीच उभी राहतात. डोंगराच्या पोटात कोयता घालावा तसा उभा छेद घ्यायचा, निघालेली माती पुढे ढकलायची, झाली सपाट जमीन! त्यावर शहरातला बंगला जसाच्या तसा ठेवायचा. बाणेरला चालतो, तो इथे का नाही चालणार?

नाही चालत, कारण डोंगर ही एक तोलून धरलेली गोष्ट आहे. पायथ्याशी कापलं, की वरच्या मातीचा आधार जातो. भराव कितीही दाबला, तरी मूळ जमिनीसारखा बसत नाही. म्हणून अर्धं घर कापलेल्या खडकावर आणि अर्धं भरावावर असेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला बरोबर मधोमध तिरकी चीर दिसते. मागे बांधलेल्या भिंतीला पाणी निघून जायला पाइपची भोकं ठेवली नाहीत किंवा ती मातीने बुजली, तर भिंतीमागे पाणी साठतं आणि एखाद्या रात्री भिंतच पुढे येते. हे झालं आपल्या घराचं. खालच्या घरांचं काय?

३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. पाऊस मुसळधार होताच, पण वरच्या उतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. २०२१च्या जुलैमध्ये महाडजवळचं तळीये, २०२३च्या जुलैमध्ये इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी. या दोन ठिकाणी कुणी वीकेंड बंगले बांधले होते असं नाही, त्यामुळे उगाच सगळं एकाच माळेत ओवू नये. पण या उतारांवर माणूस किती कमी चुका करू शकतो, हे मात्र त्यातून कळतं. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमांत १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या डोंगरभागात बांधकामाला मनाई आहे, ती उगाच नाही. १:५ म्हणजे पाच फूट पुढे गेलं, की एक फूट चढ. ऐकायला किरकोळ वाटतं. चालून बघा.

मित्राच्या प्लॉटचा उतार १:६. म्हणजे नियमात बसणारा. पण बसतो म्हणजे कसाही बांधा, असं नाही. इथे आर्किटेक्टने कागदावर जे गणित मांडलं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात भारी वाटलं. म्हणून जरा सविस्तर.

मित्राला हवं होतं चौकोनी घर. ४२ फूट बाय ४२ फूट, म्हणजे १,७६४ चौरस फूट. १:६च्या उतारावर ४२ फूट आत गेलं, की पुढच्या आणि मागच्या बाजूत सात फुटांचा फरक पडतो. ते सगळं कापून सपाट करायचं तर साधारण ६२ ब्रास माती निघते. (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.) आता तेवढंच क्षेत्रफळ घ्या, फक्त घराचा आकार बदला. उताराच्या आडव्या दिशेने लांबलचक घर, १८ फूट रुंद आणि ९८ फूट लांब. क्षेत्रफळ पुन्हा १,७६४! पण आता पुढच्या-मागच्या बाजूत फरक फक्त तीन फुटांचा. निघणारी माती २६ ब्रास. अर्ध्याहूनही कमी. आणि तिसरा पर्याय, तेच लांब घर खांबांवर उचललं तर? चौदा-चौदा फुटांवर आठ खांब, दोन रांगा, सोळा खड्डे. प्रत्येकी चार फूट लांब, रुंद, खोल. दहा ब्रास. त्यातलीही बरीच माती पाया भरून झाल्यावर पुन्हा खड्ड्यात जाते.

“म्हणजे रेल्वेचा डबा?” मित्राने विचारलं.

“हो. पण प्रत्येक खोलीला दरीकडची खिडकी,” आर्किटेक्ट म्हणाली. “तुझ्या चौकोनात निम्म्या खोल्यांना कापलेला डोंगर दिसला असता.”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या बायकोने तर लगेच पार्टी बदलली. तिच्या आईचे गुडघे दुखतात. उतारावरचं घर म्हणजे आत पायऱ्याच पायऱ्या, अशी तिला भीती होती. पण घर उताराला समांतर गेलं, की सगळ्या खोल्या एकाच पातळीवर येतात, एकही पायरी नाही. हा मुद्दा ग्लॉसी आर्किटेक्चर मॅगझिनमध्ये कधी वाचलाय? मी तरी नाही.

ही युक्ती नवी नाही. लॉरी बेकर यांनी कमी खर्चात घर कसं बांधावं यावर ज्या साध्या चित्रांच्या पुस्तिका काढल्या, त्यात हे आहेच की, उतारावर घर आडवं ठेवा, खोदाई वाचते. तिरुवनंतपुरमचं त्यांचं स्वतःचं घर खडकाळ टेकडीच्या उतारावर थोडं थोडं करत वाढलेलं. पण बेकरपर्यंत तरी कशाला जायचं? त्या वाडीतली जुनी घरं बघा. लांब बाजू उताराला समांतर. पुढच्या बाजूला दगडी जोतं चार-पाच फूट उंच, मागच्या बाजूला जेमतेम हातभर. म्हणजे डोंगर कापलाच नाही, फरक जोत्याने भरून काढला. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. कौलारू छप्पर पुढे पार खाली उतरलेलं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून. आणि घरामागे एक चर, जो दर वर्षी पावसाआधी साफ केला जातो. वरून आलेलं पाणी त्या चरातून घराला वळसा घालून जातं. कुठल्याही डिग्रीशिवाय! आता वाडीतही स्लॅबची घरं येतायत. त्यांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. दर वर्षी कूड लिंपून बघा, मग बोलू.

जगभरात या विषयाचा आद्य नमुना म्हणून ‘फॉलिंगवॉटर’चं नाव घेतात. फ्रँक लॉइड राइटने १९३०च्या दशकात पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर बांधलेलं घर. फोटो तुम्ही पाहिलेलाच असणार, आर्किटेक्चरच्या प्रत्येक होस्टेल रूममध्ये असतो. मालकांना धबधबा दिसेल असं घर हवं होतं, राइटने घर थेट धबधब्यावरच ठेवलं. दिसतं अफाट. पण त्या अधांतरी गच्च्या वर्षानुवर्षं खाली झुकत गेल्या आणि अखेर २००२मध्ये पोलादी केबल ताणून त्यांना सावरावं लागलं. मला राइटचं आधीचं, विस्कॉन्सिनमधलं घर जास्त शहाणं वाटतं. ‘टॅलिएसिन’. या वेल्श नावाचा अर्थ चमकतं कपाळ असा लावतात. त्याने घर टेकडीच्या डोक्यावर नाही ठेवलं, कपाळावर ठेवलं, माथ्याच्या जरा खाली. माथ्यावर घर बांधलंत, तर टेकडी हरवते, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे मात्र माथ्यावरच्या प्लॉटलाच सगळ्यात जास्त भाव!

श्रीलंकेत दांबुल्लाजवळचं कंदलामा हॉटेल हे या बाबतीत माझं लाडकं उदाहरण. जेफ्री बावांनी डिझाइन केलेलं, १९९४मध्ये सुरू झालेलं. घर नाही, चांगलं दीडशे खोल्यांचं हॉटेल आहे. पण ते कड्याच्या अंगाने वळत जातं, खांबांवर उभं आहे, खालून पाणी वाहतं आणि वेलींनी त्याला असं काही गिळलंय, की तलावापलीकडून ते शोधावं लागतं. दीडशे खोल्या लपू शकतात, तर आपलं टू बीएचके का नाही लपणार?

आपल्याकडचं म्हणाल, तर खोपोलीजवळ ‘स्पाझम’ या मुंबईच्या आर्किटेक्ट मंडळींनी बेसॉल्टच्या काळ्या खडीचं काँक्रीट वापरून एक घर केलंय. तिथल्याच खडकाच्या रंगाचं. आणि दुसऱ्या टोकाला लवासा. तेही मुळशी तालुक्यातच. वरसगाव धरणाच्या काठी इटलीतल्या पोर्तोफिनोसारखं गाव वसवायचं होतं. २०१०मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं, २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पिवळे, केशरी दर्शनी भाग फोटोला छान दिसतात. पण सह्याद्रीत ते पाहुण्यासारखेच वाटतात, कितीही वर्षं झाली तरी.

रंगावरून आठवलं. ‘डोंगरात मिसळायचं’ म्हटलं, की लोकांच्या डोक्यात हिरवा येतो. अहो, सह्याद्री हिरवा असतो चार-साडेचार महिने! उरलेले साडेसात महिने तो तपकिरी, पिवळट, राखाडी असतो. वणवा गेला तर काळा. डिसेंबरमध्ये स्प्रिंकलरवर जगवलेलं छपरावरचं हिरवंगार लॉन त्या सोनेरी गवतात एखाद्या टेबल टेनिसच्या टेबलासारखं दिसतं. त्यापेक्षा साधं उघडं काँक्रीट बरं. एका पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं, दुसऱ्या पावसाळ्यात ते काळपटतं आणि मग शेजारच्या कातळासारखं दिसू लागतं. आपण मात्र दर दिवाळीला पांढरा रंग मारून ही मेहनत पुसून टाकतो. छपरावर माती टाकायचीच असेल, तर तिथलंच गवत येऊ द्या, ऑक्टोबरनंतर वाळू द्या.

काचेचंही तसंच. बाहेरून सगळा डोंगर काचेत दिसतो, म्हणून आर्किटेक्ट म्हणतात घर अदृश्य झालं. पक्ष्यांनाही तसंच वाटतं आणि ते आपटतात. शिवाय पश्चिमेला पूर्ण काच लावलीत, तर एप्रिलमध्ये दुपारी तीनला एसी लावून पडदे ओढून बसावं लागतं. कशासाठी आलो होतो मग? खोल पडवी ठेवा. पडवीत बसून पाऊस बघण्याची सर कुठल्याही डबल ग्लेझिंगला नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा व्हिलन घर नसतंच. कंपाउंड वॉल! सहा फुटी, काँक्रीटची, चारही बाजूंनी. घर कितीही नम्र असो, त्या भिंतीने डोंगराचा एक चौकोन कापून वेगळा काढला जातो. पाणी तिच्याशी अडतं, भेकराची-सशाची वाट बंद होते, आजींच्या शेळ्यांची बंद होते. मुळशीत आता काही ठिकाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना या भिंतीच दिसतात. डोंगर बघायला आलेला माणूस भिंती बघत परत जातो. रचलेल्या दगडांचा कमरेएवढा गडगा, मध्ये मध्ये फटी ठेवून, तेवढाच पुरतो. कारवीची झुडपं कडेने राहू दिलीत, तर आठेक वर्षांतून एकदा जांभळा बहरही बघायला मिळेल.

आणि तो लेक व्ह्यू. मुळशीचं धरण १९२०च्या दशकातलं, टाटांचं. पाणी घाट उतरून भिरा इथल्या वीजकेंद्रात जातं, वीज मुंबईला. या धरणाविरुद्ध १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. बुडालेल्या गावांतले लोक वरच्या उतारांवर सरकले. आजींचं सासर त्यातलंच एक घर. म्हणजे त्या खाचरांपर्यंत ही माणसं एकदा पाण्याने ढकलली गेलेली आहेत. वरून आपण एक झरा तोडायचा म्हणजे दुसऱ्यांदा. हे मित्राला कुणी भाषण देऊन सांगितलं नाही. गणपतीच्या सुमारास तो आजींकडे चहाला गेला होता, तिथे कळलं. परत येताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्या जेसीबीवाल्याला फोन करतो.”

खर्चाचं विचाराल, तर खांबांवरचं घर स्वस्त नाही. लोखंड जास्त लागतं, कसबी माणसं लागतात, साइटवर इंजिनिअरला जास्त वेळा यावं लागतं. उलट कटिंग वाचतं, मागची भलीमोठी भिंत वाचते, भराव वाचतो. आर्किटेक्टच्या हिशेबाने शेवटी फारसा फरक पडत नाही, पण मित्राला त्याच्या लॉनवर पाणी सोडावं लागलंय. पार्किंगही खाली रस्त्यालगतच, तिथून घरापर्यंत दगडी पायवाट. गाडीतून उतरून पन्नास पावलं चालायचं. सासूबाईंसाठी पायवाट वळणावळणाची घेतलीय, चढ जाणवू नये म्हणून. लेकाच्या क्रिकेटचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो खालच्या रिकाम्या खाचरात खेळणार असं सध्या ठरलंय. आजींची परवानगी त्याने स्वतःच जाऊन काढली, भात निघाल्यावर.

नकाशा आता चौथ्यांदा बदललाय. पावसाळ्यात काढलेल्या फोटोंवर निळ्या पेनाने पाण्याच्या वाटा आखल्या, तेव्हा सोळापैकी दोन खड्डे बरोबर आजींनी काठीने दाखवलेल्या जागेत येत होते. म्हणून अख्खं घर सात फूट दक्षिणेला सरकवलंय. त्यामुळे बेडरूमच्या खिडकीतून धरणाचा डावा कोपरा आता दिसत नाही. जमीन वाळली, की खड्डे हातानेच खणायला घेणार आहेत. पहारी आणि घमेली घेऊन येणारी माणसं खालच्या वाडीतलीच.